एक्सल नट: किती आवळायचा, कधी आवळायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा

“आवळलाय साहेब, आता बापजन्मात सुटणार नाही.” पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजबाहेर थोडा वेळ उभं राहा, हे वाक्य कानावर पडतंच, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो. चाकाच्या चार-पाच नटांच्या बाबतीत ते एकवेळ निभावून जातं. मधल्या मोठ्या एक्सल नटाबद्दल हे ऐकलं तर मात्र पोटात गोळा यायला हवा. हा नट चाक तर धरून ठेवतोच, शिवाय बेअरिंगच्या आतल्या गोळ्यांना फिरायला किती जागा मिळणार हेही तोच ठरवतो. नवं बेअरिंग आणलं, प्रेसवर नीट बसवलं, तरी काम अर्धंच झालेलं असतं. उरलेलं अर्धं या एका नटावर आहे.

ज्यांनी घरी तेल बदललंय, ब्रेक पॅड बदललेत आणि आता एक पायरी पुढे जायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. काम गॅरेजला देणार असाल तरी वाचा. शेजारी उभं राहून नेमकं काय बघायचं ते कळेल.

खरंच बेअरिंगच गेलंय का?

बेअरिंग जायला लागलं की साधारण ४०-५० च्या वेगाला घरघर सुरू होते आणि वेगाबरोबर तिचा सूर चढतो. गाडी न्यूट्रलला टाकून बघा. आवाज तसाच राहिला तर इंजिनावरचा संशय गेला. मग टायरचा संशय फेडा: सिमेंटच्या रस्त्यावर येणारा आवाज डांबरावर एकदम बदलत असेल तर तो बहुतेक टायरचा. बेअरिंगला रस्त्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला वजनाशी असतं. रुंद, मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे वळवली की वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बाजूवर. उलट वळणाला उलट. हा प्रयोग कात्रजच्या घाटात किंवा नवले पुलाच्या उतारावर करू नका, तिथे रस्त्याकडे बघायलाच दोन डोळे कमी पडतात.

घरी आल्यावर चाक उचला. वर आणि खाली हात धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आत-बाहेर हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर एकाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग. तसाच राहिला तर बॉल जॉइंटकडे, म्हणजे सस्पेन्शनच्या गोल सांध्याकडे बघा. तीन आणि नऊच्या जागीच हलत असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा सांधा. शेवटची तपासणी मला सगळ्यात भरवशाची वाटते: एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरा, दुसऱ्याने चाक फिरवा. खराब बेअरिंगची किरकिर स्प्रिंगमधून बोटांना कळते, कानांना कळायच्या आधी.

आपल्याकडे बेअरिंगं लवकर जाण्याची कारणं शोधायला लांब जायला नको. खड्ड्यात चाक आदळलं की गोळ्यांचे बारीक चेपे वाटीवर (गोळ्या ज्यात फिरतात त्या कड्यावर) उमटतात. आणि पावसाळ्यात धावून तापलेला हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) साठलेल्या पाण्यात बुडाला की आतली हवा गार होऊन आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जाऊ शकतं. मग ग्रीस पांढुरकं होतं, गंज धरतो, आणि दिवाळीच्या सुमारास घरघर सुरू.

दोन जातींची बेअरिंगं, दोन उलटे नियम

पाना हातात घेण्याआधी आपल्या गाडीत कोणतं बेअरिंग आहे ते समजून घ्या. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की सत्यानाश.

आजच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांच्या पुढच्या चाकांत दोन रांगा गोळ्यांचं, सीलबंद बेअरिंग असतं. ते नकलमध्ये, म्हणजे हबला धरणाऱ्या सस्पेन्शनच्या ओतीव भागात, दाबून बसवतात. त्याची आतली वाटी दोन तुकड्यांची असते. कारखान्यात हे तुकडे अशा मापाने घासलेले असतात, की दोघांची तोंडं एकमेकांना पक्की भिडली म्हणजेच गोळ्यांवर नेमका हवा तेवढा दाब येतो. ही तोंडं भिडवून ठेवायचं काम एक्सल नटाचं. ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा) खांदा आतून रेटतो, नट बाहेरून हब ओढून धरतो, आणि दोघांच्या मध्ये वाटी दाबली जाते. नट कमी आवळला तर तुकडे किंचित फाकतात, गोळ्या सैल पडतात, वाटी हबवर घसरून घासायला लागते. म्हणून या जातीला आवळणी भरपूर लागते, बऱ्याच गाड्यांत १७० ते २५० न्यूटन-मीटरच्या (हे आवळण्याच्या जोराचं एकक) आसपास, काहींत त्याहून जास्त.

काही नव्या गाड्यांत हब आणि बेअरिंग एकत्रच येतं आणि बोल्टांनी नकलवर बसतं. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत आतली वाटी कारखान्यातच कडा वळवून बंद केलेली असते, त्यामुळे ते नटाच्या चुका थोड्या जास्त सोसतात. तरीही आकडा पाळायचाच.

दुसरी जात टेपर रोलरची. बऱ्याच जुन्या गाड्या, ट्रॅक्टरची पुढची चाकं, ट्रॉल्या, ट्रक. इथे एका हबमध्ये दोन बेअरिंगं समोरासमोर तोंड करून, नरसाळ्यात नरसाळं बसवल्यासारखी. यांना भिडायला मधे काही नसतं. नट जेवढा फिरवाल तेवढे रोलर वाटीत रुतत जातात, अगदी चाक जाम होईपर्यंत. म्हणून इथे नट शेवटी बोटांनी टेकवण्याइतपतच ठेवायचा. पहिल्या जातीचा २०० चा आकडा या जातीला लावला तर पहिल्याच लांबच्या फेरीत हब तापून ग्रीस वाहायला लागेल.

आधी पहिल्या जातीचं काम बघू, टेपरकडे शेवटी येतो.

काय काय जमवायचं

सगळ्यात आधी आकडा. तुमच्या गाडीच्या मॉडेलचा, सालाचा आणि इंजिनाचा वर्कशॉप मॅन्युअलमधला आवळणीचा आकडा मिळवा. एकाच नावाची गाडी, पण दोन पिढ्यांत नट वेगळा, आकडा वेगळा, असं सर्रास असतं. “सगळ्या मारुतींना एकच लागतो” असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आकड्याबरोबर एकक बघा. मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटर, जुन्या पुस्तकांत किलो-मीटर (अंतर नव्हे, मीटरभर दांड्यावर किती किलोचा जोर ते), परदेशी व्हिडिओत फूट-पाउंड. २०० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण २०.४ किलो-मीटर, आणि साधारण १४७ फूट-पाउंड. व्हिडिओतला १४७ न्यूटन-मीटर समजून आवळला की नट पाव हिश्शाहून जास्त ढिला राहिला.

मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरावर पोचला की कट् असा आवाज करणारा पाना. ज्याचा मधला पट्टा तुमच्या आकड्यापाशी येतो असा घ्या. बाजारात सहज मिळणारे अर्ध्या इंचाचे बरेचसे रेंच २१० न्यूटन-मीटरला संपतात. तुमचा आकडा २०० असेल तर अगदी टोकाला ओढण्यापेक्षा मोठा घ्या किंवा कोणाकडून आणा. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानांत फेरी मारलीत तर सगळे प्रकार हातात घेऊन बघता येतात. जुन्या बाजारात मिळणारा रेंच स्वस्त पडेल, पण त्याची स्प्रिंग किती वर्षं ताणून ठेवलेली होती कुणास ठाऊक. पाना कोणाचाही जुना चालतो, मोजायचं हत्यार नाही चालत. काम झालं की रेंच सगळ्यात कमी आकड्यावर फिरवून ठेवा, आणि नट सोडायला तो कधीही वापरू नका.

सोडायला वेगळा लांब दांडा, आणि सहा कोनांची गोटी (सॉकेट). छोट्या गाड्यांना बहुधा ३० किंवा ३२ मिलिमीटरची लागते, मोठ्यांना ३६. बारा कोनांची गोटी घट्ट नटाचे कोपरे मारते.

नवा नट. यावर घासाघीस करू नका. बेअरिंगच्या किमतीपुढे नट म्हणजे चहा-बिस्किटांचा खर्च, आणि तरीही जुनाच नट परत लावायची आपली खोड जात नाही. कडा ठोकून बंद केलेला नट असेल किंवा स्वतःच धरून राहणारा असेल, तो एकदाच वापरायचा असतो. जुन्याची पकड गेलेली असते, आटे ताणलेले असतात. रेंच कट् म्हणेल, पण तेवढा दाब बेअरिंगवर पोचलाच असेल असं नाही. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर अडवणारी कडी) आणि कॉटर पिनही (नट फिरू नये म्हणून आरपार घालायची पिन) नवी घ्या.

बेअरिंग नाना पेठेत घ्या नाहीतर कंपनीच्या काउंटरवर, पण खोकं नीट बघून. एसकेएफचा कारखाना आपल्या चिंचवडला असला तरी म्हणून पेठेत खोट्या मालाला तोटा नाही. चांगल्या कंपन्यांचं नाव आणि नंबर बेअरिंगच्या कडेवर स्वच्छ कोरलेला असतो. छपाई फिकट, नंबर खोक्याशी न जुळणारा असेल तर परत करा. एसकेएफचं तर खरं-खोटं तपासायचं अॅपही आहे.

सोडताना

गाडी सपाट जागी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली जाड फळी टाका; ब्लॉक खचतात आणि जॅक तिरका होतो. हँडब्रेक, पहिला गिअर, न उचलायच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे.

चाक जमिनीवर असतानाच मधली टोपी काढून नट बघा. नटाची कॉलर एका जागी ठोकून शाफ्टच्या खाचेत घातलेली असेल, तर आधी ती अरुंद छिन्नीने उचलून सरळ करा. ही पायरी गाळून जोर लावला तर वळलेली कॉलर शाफ्टचे आटे खरवडत बाहेर येते, आणि मग विषय बेअरिंगवरून ड्राइव्ह शाफ्टवर जातो. कॉटर पिन असेल तर ती उपटा. गंज दिसला तर गंज सोडवायचा स्प्रे मारून चहा पिऊन या.

आता लांब दांड्याने नट फक्त सुटेल इतका फिरवा, पाव वळण पुरे. जुनं बेअरिंग फेकायचंच आहे म्हणून चाक जमिनीवर ठेवून हे चालतं. बेअरिंग तेच ठेवायचं असेल, समजा फक्त शाफ्टचं रबर बूट बदलायचंय, तर नट सोडणंसुद्धा चाक हवेत असताना, ब्रेक दाबून करा.

मग गाडी उचला, घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर ठेवून या कामाला हात घालायचा नाही. इथे तुम्ही दांड्याला लोंबकळणार आहात.

कॅलिपर काढून तारेने स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर अलगद काढा. मग टाय रॉड, खालचा बॉल जॉइंट आणि स्ट्रटचे (स्प्रिंग-शॉक अॅब्सॉर्बरच्या खांबाचे) बोल्ट सोडा. शाफ्ट हबमधून सरकत नसेल तर जुना नट शाफ्टच्या टोकाबरोबर येईल एवढा फिरवून घ्या आणि लाकडाचा तुकडा ठेवून ठोका. थेट हातोडी मारली तर टोक चेपतं आणि नवा नट चढत नाही. शाफ्ट बाहेर आला की त्यालाही बांधून ठेवा. लोंबला तर गिअरबॉक्सकडचा जॉइंट निखळू शकतो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. शाफ्ट काढलेली किंवा नट सैल असलेली गाडी चाकांवर ढकलू नका. पेठांतल्या गॅरेजमध्ये जागा नसते, “जरा पुढे घ्या गाडी” म्हणून चार पोरं ढकलतात, आणि वाटीचे दोन्ही तुकडे गाडीच्या वजनाखाली फाकतात. बेअरिंग नवं असेल तर ते तिथेच जुनं झालं. ढकलणं टळतच नसेल, तर शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटचा तुकडा किंवा जाड बोल्ट-वायसर हबमधून घालून आवळायचा आणि मगच गाडी हलवायची.

प्रेसवर

हे काम घरी हातोडीने होत नाही. ज्याच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे अशा लेथवाल्याकडे नकल घेऊन जा. नाना पेठ, भवानी पेठ, भोसरी, कुठेही सापडेल. पण शेजारी उभे राहा. नवं बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या वाटीवर हवा. नंतर हब दाबताना बेअरिंगच्या आतल्या वाटीला खालून आधार हवा. जोर गोळ्यांमधून गेला की बेअरिंग संपलं, बाहेरून काहीही दिसत नसलं तरी. “काका, खाली आधार कशावर दिलाय?” एवढं विचारलंत तरी पुरे, जाणता माणूस हसून दाखवेल, घाईतला माणूस मनातल्या मनात शिव्या देऊन का होईना, नीट करेल.

एबीएसच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलवर चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे. डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्या दिसत असतील तर कागदाची पिन जवळ नेऊन बघा, एकीकडे हलकीशी ओढली जाईल. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसलीय ना, हेही हब दाबण्याआधीच बघा. जुन्या बेअरिंगची अर्धी वाटी हबवर अडकून राहते. ती काढल्यावर हबची ती जागा गुळगुळीत आहे का, हात फिरवून बघा. तिथे ओरखडे, निळसर डाग असतील तर हबही नवा.

आवळणी

जोडणी उलट्या क्रमाने. शाफ्टचे दाते आणि आटे ब्रेक क्लीनरने, फडक्याने स्वच्छ करा आणि कोरडे ठेवा. तेल-ग्रीस लावायचं नाही, मॅन्युअल स्पष्ट सांगत असेल तरच. आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो; तेल लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला नट कितीतरी जास्त ओढतो.

नवा नट हाताने फिरवा. सुरुवातीचे आटे बोटांनी चढलेच पाहिजेत. अडला तर काढून पुन्हा लावा, पाना घेऊन जबरदस्ती नको. मग साध्या पान्याने थोडा आवळा, हब हाताने दोन-चार फेरे फिरवा, आणखी थोडा आवळा, पुन्हा फिरवा. गोळ्या आपापल्या जागी बसतात.

कॅलिपर आणि पॅड लावलेले असू द्या. कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलला असेल तर ब्रेक पेडल आधी चार-सहा वेळा दाबून टणक करून घ्या, नाहीतर ऐन जोराच्या वेळी पेडल खाली जाईल. आता घरातलं कोणी तरी गाडीत बसवा, ब्रेक दाबून धरायला. चाक अजून हवेतच. या गोष्टीवर तडजोड नाही. नट पूर्ण आवळायच्या आधी गाडीचं वजन चाकावर आलं, तर तुकडे न भिडलेल्या स्थितीत गोळ्या वाटीवर चेपे पाडतात. पुढे नट कितीही अचूक आवळा, ती घरघर त्या चेप्यांसकट आली. बेअरिंग बदलून महिन्यात परत गेलं अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: नट आवळला तेव्हा चाक कुठे होतं?

काही गाड्यांत, विशेषतः फोक्सवॅगन-स्कोडा गटातल्या काहींत, आधी ठरावीक आकडा आणि मग ठरावीक अंश फिरवायचं असतं, आणि तो अंशाचा टप्पा गाडी खाली ठेवून करायला सांगितलेला असू शकतो. पहिला टप्पा हवेत झालेला असतो म्हणून ते चालतं. तिथे मॅन्युअल सांगेल तसं, अक्षरशः तसं.

रेंच आकड्यावर लावा. मूठ धरायच्या जागीच धरा. पाईप लावून रेंच लांब करायचा नाही. सलग, न झटकता ओढत जा, जोर दांड्याला काटकोनात. कट् झालं की थांबा. खात्रीसाठी पुन्हा दोन-तीनदा कट् करून बघायची हौस असते, तिने दरवेळी नट थोडा पुढे सरकतो.

हा जोर किती, याचा अंदाज असू द्या. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर २०० न्यूटन-मीटर म्हणजे टोकाला ४१ किलोचा जोर. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, म्हणजे लागतो तो चांगलाच जोर, पण धडधाकट माणसाला जमणारा. आता गॅरेजमधली नेहमीची पद्धत बघा: एक मीटरचा पाईप, त्यावर ७० किलोचा माणूस उभा. झाले जवळजवळ ६९० न्यूटन-मीटर. वाटीचे तुकडे आधीच भिडलेले असल्यामुळे गोळ्या लगेच चिरडत नाहीत, त्यामुळे त्या माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. ताणले जातात ते शाफ्टचे आटे, आणि पुढच्या वेळी ते नटाबरोबर हातात येतात.

राहिली एअर गन. सोडायला खुशाल वापरा. आवळायला नको. गन किती जोर देतेय ते तिच्या मालकालाही माहीत नसतं. हवेचा दाब, नळीची लांबी, टाकी भरलेली की रिकामी, यावर ते बदलतं. शिवाय ती ठोके मारते, आणि बेअरिंग बनवणाऱ्या कंपन्याही गनने आवळू नका असंच सांगतात. “गनने मारून देतो ना, दोन मिनिटांचं काम,” असं मेकॅनिक म्हणाला तर टॉर्क रेंच पुढे करा. पुण्यात एवढं सांगितल्याबद्दल कोणी वाईट वाटून घेत नाही, फार तर टोमणा मारतील.

नट बंद करणं

कॉलरचा नट असेल तर कॉलर शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवा. बोथट तोंडाचा पंच घ्या. धारदार छिन्नी कॉलर वाकवण्याऐवजी चिरते, आणि चिरलेली कॉलर काहीच धरत नाही. खाचेच्या तळाकडे नीट आत गेलेली दिसली पाहिजे.

खाचांचा नट आणि कॉटर पिन असेल, आणि आकड्यावर पोचल्यावर भोक खाचेसमोर येत नसेल, तर या जातीत नट पुढे फिरवून पुढची खाच गाठायची, मॅन्युअलमधल्या कमाल आकड्याच्या आत. मागे फिरवायचा नाही. पिनेचे पाय व्यवस्थित वाकवा. स्वतःच धरणाऱ्या नटाला काही करायचं नसतं, म्हणूनच तो नवा असणं महत्त्वाचं.

इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाणाऱ्या गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्राइव्ह शाफ्ट नसतो, स्टबवर (न फिरणाऱ्या आखूड दांड्यावर) नट असतो. आकडा वेगळा, बाकी गोष्टी त्याच. वरची ग्रीसची टोपी चेपलेली असेल तर नवी लावा, तिथूनच पाणी शिरतं.

टेपर रोलर असेल तर

इथे वरचं बरंचसं विसरा. रोलर असलेला आतला भाग आणि बाहेरची वाटी जोडीनेच बदला. जुन्या वाटीत नवे रोलर टिकत नाहीत. ग्रीस वरून फासू नका. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत, सगळीकडून. चांगलं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस, घट्टपणाच्या क्रमांक २ चं (एनएलजीआय २).

हब चढवा, वायसर, नट. हब एका हाताने सतत फिरवत नट साधारण २५-३० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. रोलर वाटीत बसण्यासाठीच ही आवळणी. मग नट पूर्ण सैल करा, आणि आता फक्त बोटांनी टेकेल इतका परत आणा. पिनेचं भोक जुळत नसेल तर इथे नट मागे फिरवून जुळवायचं. पहिल्या जातीच्या नेमकं उलट, आणि नवख्यांचा घोळ इथेच होतो. शेवटी हबला आत-बाहेर जेमतेम जाणवेल एवढा खेळ राहिला पाहिजे. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मापक) असेल तर साधारण ०.०३ ते ०.१२ मिलिमीटरच्या मधे. तुमच्या वाहनाचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तक खरं.

हातांना हे पटायला वेळ लागतो. एवढा मोठा नट आणि असा सैल? पण तो नट निसटू न देण्याचं काम कॉटर पिनेचं आहे.

खाली उतरवल्यावर

चाक लावा, चाकाचे नट आलटून-पालटून समोरासमोर, छोट्या गाड्यांना बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर. हवेत असतानाच चाक फिरवून बघा: अडखळत नाही ना, कुठे घासत नाही ना. एबीएसचा दिवा इंजिन सुरू केल्यावर विझतो का. पहिल्या काही मीटरमध्ये ब्रेक दाबून बघा.

मग दहा-पंधरा किलोमीटर फिरून या, सकाळी लवकर, रस्ते मोकळे असताना. परत आल्यावर चाकाच्या मध्यभागी हात लावून दोन्ही बाजूंचा उबदारपणा ताडून बघा. थोडं गरम दोन्हीकडे असणारच. काम केलेली बाजू हात ठेववत नाही इतकी तापली असेल तर गाडी तिथेच थांबवायची. आधी कॅलिपर अडकलाय का ते बघा, तो मोकळा असेल तर बेअरिंग. आवाज गेला नसेल तर नट आणखी आवळून बघायचा मोह होईल. त्याने काही होत नाही. एक तर आवाज दुसऱ्या चाकाचा होता, किंवा प्रेसवर काहीतरी बिनसलंय.

स्ट्रटचे बोल्ट उघडले असतील तर चार-आठ दिवसांत अलाइनमेंट करून घ्या. काढलेला जुना नट खोक्यात टाकून “पुढे कधीतरी लागेल” म्हणून जपून ठेवू नका. आणीबाणीत तोच हाताला येतो आणि तोच लावला जातो. छिन्नीने दोन ठिकाणी कापा आणि भंगारात द्या.